निगेटिव्ह कोणाच्या कपाटात? देसी अर्नाज आणि पडद्यामागच्या मालकीचा प्रश्न

एखाद्या मालिकेत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला, एखाद्या सिनेमातल्या नायकाचं आडनाव आपल्यातलं निघालं, की आपल्या ग्रुपवर दोन दिवस त्याचीच चर्चा चालते. हा आनंद खोटा नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या पडद्यावर फक्त नोकर, गुंड किंवा बिचारा म्हणून दाखवलं गेलं, त्यांना आपला चेहरा माणूस म्हणून पाहायचा असतो. पण या आनंदात एक प्रश्न नेहमी मागे राहतो. ते चित्रीकरण कोणाच्या मालकीचं आहे? दहा वर्षांनी ते पुन्हा दाखवायचं की नाही, त्यातलं काय कापायचं, कोणाला विकायचं, हे कोण ठरवणार?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर आज आम्ही एका परक्या माणसाची गोष्ट सांगणार आहोत. त्याचं नाव देसी अर्नाज. क्यूबात जन्मलेला, अमेरिकेत निर्वासित म्हणून आलेला ढोल वाजवणारा गायक, नंतर नट आणि शेवटी अमेरिकन टीव्हीच्या सुरुवातीच्या काळातला सर्वात धोरणी निर्माता. त्याला आदर्श म्हणून डोक्यावर घ्यायचं नाही. त्याने काय केलं, त्याला ते का करता आलं आणि तिथेच दुसऱ्यांना का करता आलं नाही, हे तपासायचं आहे.

देसीचा जन्म १९१७ सालचा, क्यूबातल्या सांतियागो शहरातला. घर गरीब नव्हतं. वडील शहराचे महापौर, जमीनजुमला मोठा. १९३३ मध्ये हुकूमशहा माचादोची सत्ता उलथली आणि त्याच्या बाजूने असलेल्या या कुटुंबाची मालमत्ता गेली, वडील तुरुंगात गेले. सुटल्यावर ते अमेरिकेतल्या मायामीला आले आणि पाठोपाठ किशोरवयीन देसीही आला. इंग्रजी धड येत नव्हतं. पक्ष्यांचे पिंजरे साफ करण्यासारखी मिळेल ती कामं केली, मग वाद्यवृंदात शिरला. गळ्यात कोंगा ढोल अडकवून गाणारा हा देखणा पोरगा क्लबांत गाजला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक मिळालं. १९४० मध्ये त्याच नाटकाचा सिनेमा करताना आरकेओ स्टुडिओत ल्युसिल बॉल ही नटी भेटली आणि त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

पुढची दहा वर्षं हॉलिवूडला या माणसाचं काय करायचं ते कळलं नाही. त्याच्या उच्चारांमुळे नायकाच्या भूमिका मिळेनात. ढोल वाजवणारा लॅटिन एवढंच त्याचं खातं. ल्युसिलचा रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम मात्र चांगला चालला होता. सीबीएस कंपनीला तो टीव्हीवर आणायचा होता. ल्युसिलने अट घातली की नवऱ्याच्या भूमिकेत देसी हवा. कंपनीचं म्हणणं असं की अमेरिकन गोऱ्या बाईचा नवरा हा असा परदेशी बोलणारा माणूस, हे प्रेक्षकांना पटणार नाही. दोघं प्रत्यक्षात दहा वर्षं नवराबायको होते, तरी पटणार नाही! आंतरजातीय लग्न केलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींना हे वाक्य ओळखीचं वाटेल. ‘आमचं काही नाही हो, पण लोक काय म्हणतील’ हे असंच असतं. बोलणारा स्वतःचा पूर्वग्रह लोकांच्या नावावर टाकून मोकळा होतो.

दोघांनी वाद घालत बसण्याऐवजी १९५० मध्ये आपला प्रयोग बसवला आणि शहराशहरांतून थिएटरात करून दाखवला. लोक हसले, टाळ्या पडल्या, कंपनीचा युक्तिवाद संपला. त्याच वर्षी त्यांनी स्वतःची निर्मिती संस्था काढली. दोघांची नावं जोडून तिला ‘देसिलू’ म्हटलं. १५ ऑक्टोबर १९५१ ला ‘आय लव्ह ल्युसी’चा पहिला भाग दाखवला गेला.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. त्या काळी अमेरिकन टीव्हीचे बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होत. देशाच्या दुसऱ्या टोकाला दाखवायचे तर टीव्हीच्या पडद्यावरचं चित्रच फिल्मवर टिपून पाठवत, आणि ते धूसर दिसे. पुरस्कर्ती होती फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. तिला पूर्वेकडच्या मोठ्या बाजारात अंधूक चित्र नको होतं, म्हणजे कलाकारांनी न्यूयॉर्कला यावं अशी अपेक्षा. देसी-ल्युसिलला कॅलिफोर्नियातलं घर सोडायचं नव्हतं. देसीने तोडगा काढला की कार्यक्रम सिनेमासारखा ३५ मिमी फिल्मवर चित्रित करू, म्हणजे सगळीकडे सारखंच स्वच्छ चित्र जाईल. खर्च वाढणार होता. तो भरून काढायला दोघांनी आपल्या मानधनात आठवड्याला हजार डॉलरची कपात मान्य केली आणि बदल्यात एकच मागितलं: तयार झालेल्या फिल्मची मालकी देसिलूची.

कंपनीने ते देऊन टाकलं. कारण कंपनीच्या लेखी एकदा दाखवलेला कार्यक्रम म्हणजे कालचं वर्तमानपत्र होतं. त्याचं पुन्हा काय होणार? हजार डॉलर वाचले म्हणून पलीकडचे खूश झाले असतील. देसीने मात्र पगार सोडून निगेटिव्ह आपल्या कपाटात ठेवलं. आमच्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वात मोठा निर्णय. तो कॅमेऱ्यापुढे घेतलेला नव्हता, कागदावर सही करताना घेतलेला होता.

तांत्रिक कामही सोपं नव्हतं. फिल्मवर चित्रण करायचं, पण ल्युसिलचा विनोद समोर माणसं बसलेली असतानाच खुलत असे. म्हणून सुमारे ३०० प्रेक्षक बसतील अशा बाकांसमोर, तीन फिल्म कॅमेरे एकाच वेळी चालवून, नाटकासारखा सलग प्रयोग चित्रित करायचं ठरलं. तीन बाजूंनी एकदम चित्रण करायचं तर प्रकाश सगळीकडे सारखा हवा. त्यासाठी ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचा छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड याला आणलं. एकाहून अधिक कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रण करण्याचे प्रयोग त्याआधीही झाले होते, त्यामुळे सगळा शोध एकट्या देसीचा म्हणणं बरोबर नाही. लेखनाचं श्रेय जेस ऑपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरोल यांचं आहे. पण या सगळ्यांना एकत्र आणून दर आठवड्याला चालणारी पद्धत उभी करणं, त्यासाठी जागा, पैसा आणि माणसं जमवणं हे निर्मात्याचं काम होतं. पुढे कित्येक दशकं विनोदी मालिका याच पद्धतीने बनत राहिल्या.

१९५२ मध्ये ल्युसिल गरोदर राहिली. त्या काळात टीव्हीवर गरोदर बाई दाखवणं म्हणजे अभद्र. पुरस्कर्त्यांच्या माणसांचं म्हणणं होतं की तिला खुर्च्यांमागे लपवा. देसीने थेट कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिलं आणि प्रमुखाने देसीच्या बाजूने कौल दिला. तरी ‘गरोदर’ हा शब्द वापरता आला नाही. संहिता कॅथलिक पाद्री, प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि ज्यू रब्बी यांच्या नजरेखालून घालाव्या लागल्या. बाईच्या पोटावर धर्माचे पहारेकरी सगळीकडेच बसलेले असतात! १९ जानेवारी १९५३ ला ल्युसीच्या बाळंतपणाचा भाग दाखवला गेला आणि त्याच दिवशी ल्युसिलला खरोखर मुलगा झाला. त्या रात्री सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या आयझेनहॉवर यांच्या शपथविधीपेक्षाही हा आकडा मोठा होता. बाळंतपणानंतरच्या विश्रांतीच्या काळात जुने भाग पुन्हा दाखवले, तर लोकांनी तेही आवडीने पाहिले. कालचं वर्तमानपत्र रद्दीत गेलं नाही. पुनःप्रक्षेपणाची बाजारपेठ अशी उघडी पडली.

१९५७ च्या सुमारास देसिलूने त्या भागांचे हक्क सीबीएसलाच काही दशलक्ष डॉलरना विकले. जे सहा वर्षांपूर्वी फुकटात सोडलं होतं, ते कंपनीने पैसे मोजून परत घेतलं. त्या बळावर देसीने १९५७ च्या अखेरीस आरकेओचे स्टुडिओ ६० लाख डॉलरच्या आसपास विकत घेतले. हा तोच आरकेओ, जिथे ल्युसिल कधीकाळी पगारी नटी होती आणि जिथे हे दोघं भेटले. गेटवर हजेरी लावणारी माणसं गेटची मालक झाली. एवढं होऊनही, ‘आय लव्ह ल्युसी’च्या चार मुख्य कलाकारांपैकी अभिनयासाठी एमी पुरस्काराचं नामांकनसुद्धा न मिळालेला एकटा देसीच होता. ल्युसीचा नवरा एवढीच त्याची ओळख अनेकांच्या लेखी राहिली.

१९५९ मध्ये देसिलूने एक गुन्हेगारीपट मालिका काढली. तिचं नाव वाचून आपल्या वाचकांच्या भुवया उंचावतील: ‘द अनटचेबल्स’. त्याच शब्दाने सुरू होणारं बाबासाहेबांचं पुस्तक त्याआधी अकरा वर्षं, १९४८ मध्ये, प्रसिद्ध झालं होतं. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ लाच ज्यांना शिवू शकत नाही असे प्रामाणिक सरकारी अधिकारी. आपल्याकडे जो शब्द माणसाला माणसातून उठवतो, तो तिथे गौरवाचा. या मालिकेतला प्रत्येक गुंड इटालियन नावाचा असतो म्हणून इटालियन-अमेरिकनांनी मोठा निषेध केला, पुरस्कर्त्या सिगारेट कंपनीवर बहिष्काराचा दबाव आणला, आणि १९६१ मध्ये देसिलूला काल्पनिक गुंडांना इटालियन नावं न देण्याचं कबूल करावं लागलं. स्वतः उच्चारांवरून हिणवला गेलेला माणूस निर्माता झाल्यावर दुसऱ्या स्थलांतरितांना त्याच साच्यात बसवतो, हे लक्षात ठेवा. मालकी आली म्हणून दृष्टी आपोआप येत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. १९५१ मध्येच, त्याच सीबीएसवर, ‘एमस अँड अँडी’ नावाची मालिका सुरू झाली. सगळे मुख्य कलाकार कृष्णवर्णीय. आजच्या भाषेत भरपूर प्रतिनिधित्व! पण ही पात्रं दोन गोऱ्या रेडिओ कलाकारांनी निर्माण केलेली, कृष्णवर्णीयांच्या बोलण्याची नक्कल करून गाजवलेली, आणि हक्क सीबीएसने विकत घेतलेले. कृष्णवर्णीयांची संघटना एनएएसीपी हिने मालिकेतल्या विकृत चित्रणाविरुद्ध आवाज उठवला. १९५३ मध्ये नवीन भाग थांबले, पण जुने भाग पुढे दहा-बारा वर्षं ठिकठिकाणी विकले आणि दाखवले जात राहिले. त्यात काम करणारा स्पेन्सर विल्यम्स हा स्वतः सिनेमे दिग्दर्शित केलेला माणूस होता. पण ते भाग दाखवायचे की बंद करायचे, यात त्याला काडीचा अधिकार नव्हता. एकच कंपनी, एकच वर्ष, दोन मालिका. एकीकडे निगेटिव्ह कलाकाराच्या कपाटात, दुसरीकडे कंपनीच्या.

मग स्पेन्सर विल्यम्सनेही देसीसारखा करार का केला नाही, असं कोणी विचारेल. हा प्रश्न आपल्याला ‘तुम्ही उद्योग का करत नाही’ असं विचारणाऱ्यांच्या जातीचा आहे. देसी क्यूबन होता, पण गोरा क्यूबन होता. कायद्याच्या नजरेत त्याचं लग्न गोऱ्याचं गोरीशी झालेलं लग्न होतं. कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या लग्नावर तेव्हा अनेक राज्यांत बंदी होती आणि ती १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उठवली. गायक नॅट किंग कोल हा कृष्णवर्णीयांमधला तेव्हाचा प्रचंड लोकप्रिय कलाकार. १९५६ मध्ये एनबीसीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि वर्षभरात बंद पडला, कारण एकही मोठा राष्ट्रीय जाहिरातदार त्याच्यामागे उभा राहायला तयार झाला नाही. लायकी होती, प्रेक्षक होते, पण पैसेवाल्यांचं दार उघडलं नाही. देसीला उच्चारांचा अडथळा होता. कोलपुढे भिंत होती. दोन्हीला एकच नाव देऊ नये.

याहून खोल गोष्ट देसीच्या ढोलाची आहे. कोंगा हा क्यूबातल्या आफ्रिकन गुलामांच्या वंशजांचा ढोल. तिथली गुलामगिरी १८८६ पर्यंत चालू होती. सांतियागोच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून उत्सवाच्या दिवसांत कोंग्याच्या मिरवणुका निघत. १९२५ मध्ये महापौराने त्या रानटी आणि असभ्य ठरवून त्यांच्यावर बंदीचा हुकूम काढला. तो महापौर म्हणजे देसीचाच बाप. बापाने ज्यांचा ढोल रस्त्यावरून हटवला, त्यांचाच ढोल गळ्यात घालून मुलगा अमेरिकेत मोठा झाला. ज्या ‘बाबालू’ गाण्यावर तो ओळखला गेला, त्या गाण्यातला देव आफ्रिकन गुलामांनी सोबत आणलेला, रोगराईचा आणि ती बरी करणारा देव. ज्यांचा तो ढोल आणि तो देव, ते सांतियागोतच राहिले.

हे वाचून हलगी आठवली नाही तर नवल. हलगी-डफडं वाजवायचं काम गावगाड्याने मातंग समाजावर जातीच्या नावाने लादलं. वाजवणारा गावाबाहेर, पण मिरवणूक त्याच्याशिवाय निघत नाही. आज तोच ठेका मोठ्या गाण्यांत घुमतो. तो कोणाच्या हातून आला याची नोंद कुठल्या पाटीवर असते? देसीची गोष्ट निव्वळ ‘निर्वासिताचं यश’ म्हणून सांगणारे ही पाटी कोरी ठेवतात. आम्हाला ती कोरी ठेवायची नाही.

आमचे काही मित्र म्हणतील की हे सगळं भांडवलदाराचं कौतुक झालं. एक माणूस मालक झाला, समाजाला काय मिळालं? आक्षेप रास्त आहे. सिगारेट विकण्यासाठी चाललेला कार्यक्रम होता तो. आणि देसिलू टिकलीही नाही. दारू, ताण आणि तुटलेला संसार यांत देसी खचत गेला. १९६० मध्ये घटस्फोट झाला. १९६२ मध्ये ल्युसिलने त्याचा हिस्सा विकत घेतला आणि ती एवढ्या मोठ्या स्टुडिओची प्रमुख होणारी पहिली बाई ठरली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन: इम्पॉसिबल’ या मालिका तिच्या काळात देसिलूतून आल्या. १९६७ मध्ये तिने कंपनी एका बड्या उद्योगसमूहाला विकून टाकली. ‘आय लव्ह ल्युसी’चे हक्क तर आधीच गेले होते, आणि पुढची कितीतरी दशकं त्या भागांवर कमाई सीबीएसने केली. देसी १९८६ मध्ये वारला. मालकी एकदोघांच्या नावावर असली की त्यांचा संसार मोडला, तब्येत ढासळली किंवा चांगली किंमत आली, की ती बाजारात जाते.

म्हणूनच आपल्याला आपला स्वतःचा इतिहास आठवावा लागतो. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलं आहे. त्यांना इतरांच्या पत्रांत लेख लिहिता आले नसते का? आले असते. पण काय छापायचं हे ठरवणारा हात दुसऱ्याचा असेल तर आपण कायम पाहुणे राहतो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ आणि त्यासोबत स्वतःचा छापखाना. पैशांअभावी पत्रं बंद पडली, पुन्हा दुसरी उभी राहिली. देसीने निगेटिव्ह ठेवलं ते कमाईसाठी. बाबासाहेबांनी छापखाना उभा केला तो चळवळीसाठी. हेतूत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दोघांनाही एक गोष्ट समजली होती की आवाज ज्या यंत्रातून बाहेर पडतो ते यंत्र कोणाचं, यावर पुष्कळ काही ठरतं.

आज यंत्र स्वस्त झालंय असं आपल्याला वाटतं. वस्तीतल्या पोरांच्या हातात मोबाईल आहे, जयंतीची मिरवणूक थेट दाखवता येते, भीमगीतांना लाखो व्ह्यूज मिळतात. पण आम्ही वस्त्यांत काम करताना काय पाहतो? गाणारी मुलगी एकरकमी मानधनावर गाण्याचे सगळे हक्क लिहून देते, करार न वाचता. अनेकदा करारच नसतो. कॅसेटच्या जमान्यात आपल्या कित्येक गायकांचं हेच झालं आणि पुढची कमाई कंपन्यांनी खाल्ली. चॅनल चालवणाऱ्या पोराकडे मूळ फाइल नसते. ती फक्त परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि एका तक्रारीवर पाच वर्षांचं काम एका रात्रीत गायब होऊ शकतं. हातात कॅमेरा आला, कपाट अजून दुसऱ्याचंच आहे. नागराज मंजुळे यांनी ‘आटपाट’ आणि पा. रंजित यांनी ‘नीलम’ अशा स्वतःच्या निर्मिती संस्था उभ्या केल्या, त्याचं महत्त्व इथे आहे. त्यांच्या प्रत्येक कलाकृतीवर वाद घालूया, जरूर घालूया. पण संस्था उभी करण्याचं पाऊल नीट समजून घेऊनच घालूया.

आमच्या सूचना साध्या आहेत. गाणं असो, भाषण असो की माहितीपट, कागदावर सही करण्याआधी आपल्यातल्या एखाद्या वकिलाला दाखवा. जयंती मंडळं हजारो रुपये डीजेवर घालवतात, तिथे एका करारापुरता वकील परवडतो. आपण केलेल्या प्रत्येक चित्रीकरणाची मूळ प्रत आपल्याजवळ, किमान दोन ठिकाणी ठेवा. जिल्ह्या-तालुक्याच्या पातळीवर चार-पाच चॅनलवाल्यांनी एकत्र येऊन नोंदणीकृत सहकारी संस्था किंवा ट्रस्ट काढावा आणि साहित्याची मालकी तिच्या नावावर ठेवावी, म्हणजे एकाच्या घरच्या अडचणीत समाजाचा ठेवा विकला जाणार नाही. त्या संस्थेत बायका फक्त निवेदन करायला नकोत, सहीचा अधिकार असलेल्या जागांवर हव्यात. देसिलूच्या नावात पहिली अक्षरं देसीची असली तरी शेवटी तिला सांभाळलं ल्युसिलने. आणि हलगी वाजवणाऱ्याचं नाव पाटीवर आलंच पाहिजे, त्याच्या हातात पैसेही पडले पाहिजेत. नाहीतर आपल्यातच एखादा देसी तयार होईल, आणि ढोलाचे खरे मालक पुन्हा वस्तीतच राहतील.

पुढच्या वेळी पडद्यावर आपला माणूस दिसला की टाळ्या जरूर वाजवा. आणि त्याच बैठकीत विचारा: याचं निगेटिव्ह कोणाकडे आहे?

जय भीम!